थोरली नाक्यावर अडली

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ड्यूटीवरून येऊन चपला काढते न काढते तोच सोयगावहून हारूनभाईंचा फोन. पाऊस, सोयाबीन, नातीची शाळा, सगळं बोलून झालं. मी म्हटलं, मुद्द्यावर या. मग हळूच म्हणाले, "भाभी, थोरली देतीं क्या?"

दोन वर्षं मीच मागं लागले होते. नवऱ्यानंच, शमूनं, जाताना स्पष्ट सांगितलं होतं, थोरली गिटार हारूनला दे, धाकटी तुझी. पण हारूनभाईच घेत नव्हते. राहू द्या, पुढच्या साली बघू, भिंत सुनी दिसेल. आज स्वतःच्या तोंडानं मागितली. कारण विचारलं तर आढेवेढे. शेवटी सांगितलं. उजवा हात थरथरतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. गोळ्या सुरू झाल्यात. "उंगल्यां सुनते तबतक बजा लेतूं, भाभी."

हो म्हटलं. लगेच म्हटलं. बोलण्याच्या नादात भाजी लागली.

१४ सप्टें., रविवार

उपासनेत धाकटी वाजवली. तिसऱ्या गीताला बारीक तार तुटली, उरलेल्या पाचांवर निभावून नेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. शमू असता तर तिथूनच डोळे वटारले असते, तार वेळेवर बदलत नाहीस म्हणून.

दुपारी थोरली खिळ्यावरून खाली काढली, पुसली. दोघी एकाच लाकडाच्या. शमू चिकलठाण्याला ज्या कंपनीत फिटर होता ती बंद पडली, कूलिंग टॉवर मोडला, आतल्या फळ्या भंगारात निघाल्या. कधीकाळी अमेरिकेहून आलेलं रेडवुड, असं त्याचा फोरमन सांगायचा. वर्षानुवर्षं गरम पाण्याखाली उभं राहून करडं पडलेलं. लुनावर आडवं टाकून घरी आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, हे मढं कशाला आणलंस. रंधा मारल्यावर आतून लालभडक निघालं तेव्हा गप्प बसले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दोघं वाजवायचे, हा नि हारूनभाई. त्यातून येणाऱ्या पैशात आवाज उचलणारा पिकअप, तारा, तारा पिळायचे मशीनहेड. थो. त्यानं स्वतःसाठी केली, उरलेल्यातून माझ्यासाठी धाकटी.

लाकूड लई मऊ. नख लागलं तरी वळ उठतो. थो.च्या पाठीवर शमूच्या पट्ट्याच्या बकलाचा खळगा पडलाय, इतकी वर्षं पोटाशी धरल्यानं. अंगठा ठेवला की नेमका बसतो. हा खळगाही सोयगावला जाणार, हे आज पुसतानाच डोक्यात आलं. रडू आलं, रडून घेतलं. मग कपडे धुवायला टाकले.

१६ सप्टें., मंगळवार

थो. पेटीत घातली. पेटीसुद्धा शमूचीच, प्लायची, काळी. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याच्या त्या उंटाच्या मानेसारख्या वाकड्या अक्षरात, "अस्सल अमेरिकन रक्तचंदन". रेडवुड म्हणजे काय, हे दर कार्यक्रमात कोणीतरी विचारायचं. सांगून सांगून हा कंटाळला. चंदन म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत, उलट चहा पाजतात, म्हणायचा. हारूनभाई त्याला चंदनचोर म्हणून हाक मारायचे, स्टेजवरून, माइकवर.

स्वतः घेऊन जायचं होतं. पण ऑपरेशन थिएटरला दोन सिस्टर रजेवर, मला सोडेनात. सोयगावच्या गाडीत पार्सल दिलं. ड्रायव्हरला दहादा सांगितलं, उभी ठेव बाबा, आडवी नको, वर पोतं नको. हो मावशी, हो मावशी.

रिकाम्या खिळ्यावर सध्या कॅलेंडर लावलंय. बरं दिसत नाही.

१७ सप्टें., बुधवार

थो. पोचली नाही. दुपारी ड्रायव्हरचा फोन लागला. फर्दापूरजवळ जंगल खात्याच्या नाक्यावर पेटी उतरवून घेतली. का? तर वर रक्तचंदन लिहिलंय. "मी म्हटलं साहेब, बाजा हाय आत. म्हणले उघड. उघडलं तर लालच निघालं की मावशी."

मला आधी हसूच फुटलं. ड्रेसिंगच्या खोलीत एकटीच हसत होते. मग तो म्हणाला, पंचनामा झाला, जप्तीत लिहिलंय, तुम्हाला यावं लागेल. तेव्हा हसू गेलं.

शमू, काय करून ठेवलंस.

१८ सप्टें., गुरुवार

रजा टाकली, भांडून. सकाळच्या एसटीनं फर्दापूर. गाडीत लेणी बघायला निघालेलं कॉलेज, गाण्यांच्या भेंड्या. डोकं उठलं.

नाका म्हणजे पत्र्याची खोली. बाहेर जप्तीची लाकडं पावसात काळी पडलेली. थो. आत टेबलावर. गळ्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, नंबर घातलेला. आमच्याकडं दवाखान्यात अशी चिठ्ठी मयताच्या पायाच्या अंगठ्याला बांधतात. मला ते बघवेना, तोंड फिरवलं.

वनपाल पवार मॅडम, वयानं माझ्या भाचीएवढ्या. खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट बोलल्या नाहीत. मीच सुरू झाले. रक्तचंदन पाण्यात दगडासारखं बुडतं, हे तरंगेल, उचलून तर बघा, एवढी मोठी गिटार लेकरासारखी हलकी लागते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, मलाही वाटतं हे चंदन नाही. पण पेटीवर तुमच्याच घरच्यांनी लिहिलंय. आता माझ्या वाटण्यावर सुटत नाही."

लाकडाची पावती आहे का? भंगाराची पावती कोण जपून ठेवतं.

मग नमुना द्यावा लागेल. प्रयोगशाळेत जाईल. काडेपेटीएवढा तुकडा, आतला, पॉलिश न लागलेला. दिसणार नाही असा मागून काढू, असं म्हणून त्यांनी थो. पालथी केली नि पेनानं जागा दाखवली. खळग्यापासून चार बोटांवर.

हात लावू नका, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

मॅडमनी फाइल पुढं पाठवण्याआधी थोडे दिवस दिले. विचार करून सांगा म्हणाल्या.

१९ सप्टें., शुक्रवार

हारूनभाईंना सगळं सांगितलं. पेटीवरच्या अक्षरामुळं अडली हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. चंदनचोर मरून पकडा गया, म्हणाले. मग एकदम शांत. म्हणाले, कापू द्या, मागून काय फरक पडतो, मला वाजवायचीय, टांगायची नाही.

बरोबरच आहे त्यांचं. त्यांचे दिवस चाललेत, माझे नाही. तरी माझ्या तोंडून हो निघेना. खळग्याचं सांगायची लाज वाटली. काहीतरी सांगितलं, आवाज बिघडेल वगैरे. तोवर धाकटी नेता का, विचारलं. नक्को, वो तुम्हारी है.

चिडचिड दिवसभर. वॉर्डबॉयवर विनाकारण ओरडले.

२१ सप्टें., रविवार

उपासनेहून आल्यावर धा. पालथी घातली. तीही त्याच फळीची. थो.ऐवजी हिचा तुकडा दिला तर? शमूचं ड्रिल माळ्यावरून काढलं, पिन लावली. धा.च्या पाठीवर कसलीही खूण नाही. मी जपून वाजवते, ओढणी मधे घालून. शमू चिडवायचा, गिटार वाजवतेस का बाळाला ढेकर काढतेस.

ड्रिल सुरूसुद्धा केलं. टेकवलं नाही. परत माळ्यावर.

त्या फळीचं तिसरं लाकूड कुठंय ते ड्रिल ठेवताना आठवलं. आठवलं म्हणजे काय, माहीतच होतं. फक्त तिकडं मन जात नव्हतं. शेवटच्या आजारपणात त्यानंच उरलेल्या फळीकडं बोट करून सांगितलं होतं, ह्याचा क्रूस करा, दगड नंतर बघा. आपल्या सुतारानं दोन तुकडे जोडून दिला. दोन वर्षं झाली, छावणीच्या कब्रस्तानात उभा आहे. दगडाचं अजून जमलेलं नाही.

२३ सप्टें., मंगळ.

पवार मॅडमना फोन. त्याच फळीचा दुसरा तुकडा आणला तर चालेल का. कुठला तुकडा, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, साहेबांना विचारते.

संध्याकाळी उलटा फोन. आणा. पंचांसमोर गिटारच्या रेषांशी जुळला पाहिजे, तसं लिहून घेऊ. पण प्रयोगशाळेचं समाधान झालं नाही तर गिटार कापावीच लागेल, हे आधीच सांगते.

ठीक. निदान सरळ बोलते पोरगी.

२८ सप्टें., रविवार

रूथताईंना सांगितल्याशिवाय करायचं नव्हतं. शमूची थोरली बहीण, क्रूसावर माझ्याइतकाच त्यांचा हक्क. उपासना सुटल्यावर अंगणात सांगितलं. चूक झाली, घरी जाऊन सांगायला हवं होतं.

"माझ्या भावाच्या क्रूसावर करवत चालवणार तू? एका बाजासाठी?"

लोक थांबून बघायला लागले. मी म्हटलं, बाजा त्यानंच केलाय, क्रूस सुताराचा आहे. हे तर बोलायलाच नको होतं. रूथताई रिक्षात बसल्या, मला न घेता. दर रविवारी एकत्र जातो.

पाळकसाहेब म्हणाले, दगड बसवताना क्रूस काढावाच लागणार, त्यात पाप काही नाही. मला पापाची भीती नव्हतीच. मला रूथताईंची आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कब्रस्तान. करवत, कुदळ, गोणपाट. उपासनेला येणारी दोन पोरं मदतीला. मातीतला भाग सडलेलाच असणार असं धरून गेले होते. दोन पावसाळे खाल्लेत, शेजारच्या कबरीवरचा सागाचा क्रूस वाळवीनं पोखरलाय. वरून कापायचं तर कुठून, हेच ठरत नव्हतं.

उपसून काढला तर पायथा जसाच्या तसा. रंग जरा काळपट, बस. नखानं खरवडलं तर आत लाल. वाळवी नाही, बुरशी नाही. मला एकदम अभिमान वाटला, कोणाचा कोण जाणे, लाकडाचा का नवऱ्याचा.

मान वर केली तर रूथताई. छत्री घेऊन लांब उभ्या. छत्री मिटून पुढं आल्या. पोरानं क्रूस नीट धरला नाही तसं त्याला बाजूला सारून स्वतः धरला. मी कापायला लागले. हात वाकडा जात होता.

"सरळ काप," म्हणाल्या.

वीतभर तुकडा निघाला. वास तोच, व्हरांड्यात शमू रंधा मारायचा तेव्हाचा. क्रूस परत उभा केला, माती दाबली. बुटका दिसायला लागला. मी तसं बोलून गेले. रूथताई म्हणाल्या, "तसाही बुटकाच होता तो." दोघी हसलो, नि हसता हसता त्यांचा बांध फुटला. पाठीवर हात फिरवत राहिले. रिक्षा एकच केली.

७ ऑक्टो., मंगळ.

नाका. पंच दोन. एक चहाच्या टपरीवाला, एक धनगरबाबा, रस्त्यावरून बोलावून आणलेला. त्याची मेंढरं बाहेर डांबरीवर उभी, त्याचं सगळं लक्ष तिकडं. मॅडमनी तुकडा थो.च्या खालच्या कडेला लावला. बारीक रेषा, बारीक रेषा, मग दोन जाड, मग पुन्हा बारीक. इकडं जाड तिथं तिकडंही जाड.

टपरीवाला म्हणाला, जुळतंय. धनगरबाबानं वाकून बघितलं, बोट फिरवलं. "एकाच मायच्या हायेत की. सोडा आता मला, मेंढरं चालली."

तुकड्याला लाखेचा शिक्का, सही, सगळं झालं. मी मॅडमना विचारलं, तारा सैल करू का, ताणून राहिल्या की मान वाकते. त्यांनी करू दिल्या. एकेक तार उतरवली. पाठीवरच्या खळग्यात अंगठा ठेवून बघितला. आहे.

निघताना त्या म्हणाल्या, मावशी, सुटली की पेटीवरचं तेवढं पुसून टाका, नाहीतर दर नाक्यावर हेच. बघू, म्हटलं. शमूच्या हातची अक्षरं आता तेवढीच उरलीत. सह्या सोडल्या तर.

१९ ऑक्टो., रविवार

रिपोर्ट नाही. आता दिवाळीची सुट्टी, पुढं सरकणार नाही. फोन करून करून मॅडमना पण कंटाळा आला असेल, आवाजात दाखवत नाहीत.

हारूनभाईंच्या हातून काल चहाचा कप सुटला. सुनेनं सांगितलं, ते नाही सांगत. गोळी वाढवलीय. मी खळग्यासाठी हट्ट केला नसता तर आज थो. त्यांच्या मांडीवर असती का? तेव्हाच कापलं असतं तरी रिपोर्ट लागलाच असता, हे कळतं. तरी बोच जात नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

कब्रस्तानात गर्दी, सगळ्यांच्या कबरींवर फुलं, मेणबत्त्या. हारूनभाई आले. डॉक्टरला दाखवायला मुलाबरोबर शहरात होते, तिथून थेट. डोक्यावर टोपी, हातात गुलाबाची चादर, आमच्यात चादर घालत नाहीत हे ठाऊक असून आणलेली. रूथताईंनीच पुढं होऊन घातली. भाई बुटक्या क्रूसाकडं बघत राहिले.

मग घरी आणलं. धा. स्पीकरला जोडून मांडीवर दिली. डावा हात तसाच आहे, सुरेख. उजव्यानं सुरुवातीला ऐकलं. एक जुनी चाल, लग्नात नवरी स्टेजवर येताना वाजवायचे ती. मग थरथर सुरू झाली. सूर लहरायला लागला. म्हणाले, पूर्वी सूर असा हलवायला पायाखालचं पेडल घ्यावं लागायचं, आता अल्लानं फुकट दिलं. मुलगा खिडकीबाहेर बघत बसला.

थोड्या वेळानं थांबले. इसका गला साफ है, म्हणाले, थोरली का भारी. धा. स्वतः उठून खिळ्याला लावली. दुसऱ्या खेपेला लागली.

मला राहवेना. म्हटलं, भाई, तेव्हाच कापू द्यायला हवी होती. आवाजाचं खोटं सांगितलं तुम्हाला. पाठीवर त्याच्या बकलाचा...

"मेरेकू मालूम," म्हणाले. "उसीच वास्ते दो साल मांगा नै."

चहा गार झाला. दुसरा केला.

१४ नोव्हें., शुक्रवार

पवार मॅडमचा फोन, थिएटरमध्ये असताना. बाहेर येऊन लावला. रिपोर्ट आलाय. काय आलंय? ते फोनवर सांगता येत नाही मावशी, सोमवारी या, साहेबही असतील. आवाजावरून काढायचा प्रयत्न केला, काही पत्ता लागू दिला नाही. साहेब कशाला हवेत? सोडायची असेल तर साहेब लागतात का, कापायची असेल तर?

फोरमन थापा मारत असेल तर, हेही आज पहिल्यांदा मनात आलं. रेडवुड नसून तिसरंच काही निघालं तर. मग ठरवलं, निघू दे. आवाज तर बदलत नाही.

हारूनभाईंना कळवलं. सोमवारी ते सोयगावहून थेट नाक्यावर येणार. थो. सुटली तर तिथूनच न्या, म्हटलं, घरी आणत नाही. एकदा घरी आणली तर माझ्याच्यानं परत देववणार नाही. हौ, म्हणाले. मग विचारलं, और नै छूटी तो?

सोमवारी बघू, म्हटलं नि फोन ठेवला.

१६ नोव्हें., रविवार

उपासनेत आज सगळी गीतं धा.वर वाजवली. नव्या तारा कालच घातल्या होत्या. ओढणी मधे न घालता वाजवली, पोटाशी धरून. रूथताई पहिल्या बाकावर. नंतर म्हणाल्या, आज जोरात वाजवलीस. त्यांना उद्याचं सांगितलं. त्यांनी हात दाबला. पुढच्या रविवारी काय वाजवणार, हे विचारलं नाही, बरं केलं.

हारूनभाईंना रिकाम्या हातानं सोयगावला पाठवायचं नाही, एवढं पक्कं केलंय. थोरली सुटली तर थोरली. नाही सुटली तर ही. नक्को म्हणतील, म्हणू देत. त्यांच्याकडं वेळ नाही नि माझ्याकडं गळा आहे, गीतं तोंडानं म्हणता येतात.

धा.ला पेटी नाही. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळली, वरून सुतळी. पांढऱ्या रंगाची डबी नि काळ्याची, दोन्ही पिशवीत टाकल्यात, पेटीवरच्या अक्षरांचं काय करायचं ते तिथं गेल्यावर बघेन. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दोन खिळे.

सकाळची पहिली एसटी. वाटेत कोणी विचारलंच, मावशी कशाची आहे ही, तर लाकडाची म्हणेन. पुढं एक अक्षर नाही.